उजळण्याच्या घाईत उमटलेले डाग

घरात विवाह ठरला की खरेदीच्या यादीत चेहऱ्याला लावायच्या मलमाचेही नाव हळूच शिरते. मैत्रिणीने सुचवलेली ट्यूब मेडिकलमधून चिठ्ठीविनाच आणली जाते. आठवडाभरात त्वचा चुरचुरते, लालसर होते, तिचे पापुद्रे निघू लागतात. ‘औषध लागू पडते आहे,’ अशा समजुतीने तेच मलम अधिक जाड लावले जाते. महिन्याने लाली ओसरते. परंतु गालांवर आणि ओठांच्या कडेला तपकिरी डाग उरतात आणि मुहूर्त तर जवळ आलेला असतो.

या डागांचे कारण त्वचेच्या स्वभावातच आहे. मेलॅनोसाइट नावाच्या पेशी मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार करतात. मुरूम, खाज, भाजणे किंवा औषधाची जळजळ अशा कोणत्याही दाहाने या पेशी चाळवतात आणि वाजवीपेक्षा अधिक रंग निर्माण करतात. दाह शमतो, रंग मागे राहतो. गव्हाळ व सावळ्या त्वचेत हे अधिक प्रमाणात घडते. म्हणूनच डाग घालवण्यासाठी लावलेले औषध जळजळ करू लागले, तर तेच नवा डाग देऊन जाते.

ट्रेटिनॉइन, बेन्झॉइल पेरॉक्साइड, ग्लायकोलिक आम्ल ही औषधे मुळात वाईट नव्हेत. मुरुमांवर त्यांचा चांगला उपयोग होतो. चूक होते ती मात्रेत आणि उतावळेपणात. ट्रेटिनॉइनची वाटाण्याएवढी मात्रा संपूर्ण चेहऱ्याला पुरते आणि आरंभी ती एक दिवसाआड लावणे हिताचे असते. घरगुती उपायही निर्धोक नसतात. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा पोळून गडद चट्टे उठू शकतात.

सर्वांत फसवे असते ते स्टेरॉइडयुक्त मलम. १९७५ साली अमेरिकेत क्लिगमन आणि विलिस यांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन व स्टेरॉइड यांचे मिश्रण वैद्यकीय उपचारासाठी मांडले. त्याच धर्तीची मिश्रणे पुढे आपल्याकडे गोरेपणाचे मलम म्हणून घरोघर पोहोचली. स्टेरॉइड दाह दाबते, त्यामुळे प्रारंभी चेहरा उजळ भासतो. महिनोन्महिने वापरल्यावर मात्र त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि मलम थांबवताच लाली उसळते. या गैरवापरामुळेच २०१८ साली केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीविना विक्री रोखणारा नियम केला. तेव्हा औषधविक्रीचा व्यवसाय असणाऱ्या कुटुंबांनी ओळखीच्या गिऱ्हाइकालाही नकार देणे, ही त्याची खरी सेवा होय.

डाग पडलेच, तर प्रथम जळजळ करणारे मलम बंद करावे. स्टेरॉइड दीर्घकाळ लावले असल्यास मात्र त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच ते सोडावे. चेहरा घासू नये, साधे मॉइश्चरायझर वापरावे आणि किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन नियमाने लावावे. ऊन डाग गडद करते. वरच्या थरातील डाग काही महिन्यांत फिकट होतात, खोलवरचे करडे-निळसर डाग वर्षानुवर्षे टिकू शकतात.

विवाहाच्या तोंडावर नवा उपचार आरंभू नये, हे पथ्य प्रत्येक आईने पाळावे. त्याहून मोठे पथ्य सासर-माहेर दोघांचे: मुलीचा रंग हा बैठकीतील बोलणीचा विषय होऊ नये. तसे झाले, तर अनेक ट्यूब दुकानातच राहतील आणि अनेक चेहरे निरोगी राहतील.