पत्रिका घरची, छपाई छापखान्याची

गिरगावात कांदेवाडीत, म्हणजे आजच्या खाडिलकर रोडवर, लग्नपत्रिकांची दुकानं एकाला लागून एक आहेत. तयार पत्रिका निवडायची आणि तिच्यावर मजकूर छापून घ्यायचा, ही तिथली रुळलेली पद्धत. खर्च वाचवायला पत्रिका स्वतः करायचं ठरलं की बरीच घरं जाड कागद, रिबिनी आणि गोंद आणून बसतात. हिशेब तिथेच फसतो, कारण सुटं सामान महाग पडतं आणि वाया फार जातं. पत्रिका स्वस्त होते ती छापखान्यात जाण्याआधी घरी घेतलेल्या तीन निर्णयांमुळे: किती छापायच्या, केवढ्या छापायच्या आणि काय लिहायचं. हे तीन घरच्यांनी ठरवावं, छपाई मात्र छापणाऱ्यावर सोपवावी.

पहिला निर्णय संख्येचा. यादी माणसांची असते, पण पत्रिका घराला एकच जाते. चारशे पाहुणे असले आणि ते दीडशे घरांतले असले, तर पत्रिका दीडशेच पुरतात. संख्या कळली की छपाईची रीतही ठरते. ऑफसेटला प्रत्येक रंगाची वेगळी प्लेट लागते. प्लेटचा आणि मशीन लावण्याचा खर्च शंभर प्रतींना जेवढा, तेवढाच हजार प्रतींना. म्हणून मोठ्या संख्येत ऑफसेट परवडतं, दीडशे प्रतींत अंगावर येतं. डिजिटल छपाईत प्लेट नसते, पैसे शीटमागे द्यायचे. सोनेरी फॉइल हवं असेल तर त्याचा वेगळा ब्लॉक करावा लागतो. थोड्या प्रतींत तो मोह टाळलेला बरा.

शीटमागे पैसे, म्हणून दुसरा निर्णय आकाराचा. डिजिटल छपाईची नेहमीची शीट १२ बाय १८ इंचांची. कापणीसाठी चारही बाजूंना ३ मिलिमीटर सोडले, तर ५ बाय ७ इंचांची पत्रिका एका शीटवर चारच बसते. १० बाय १४ सेंटिमीटरची आठ बसतात. दीडशे पत्रिकांना पहिल्या आकारात ३८ शीट लागतात, दुसऱ्यात १९. कागद तोच, छपाई तीच, आणि शीटचा खर्च निम्मा. वाया जाणाऱ्या प्रतींसाठी दोन-तीन शीट वर धरावीत आणि पाकीट बाजारात मिळणाऱ्या मापाचं आहे ना, हे आकार पक्का करण्याआधीच पाहावं.

तिसरा निर्णय मजकुराचा. मराठी पत्रिकेचं रूप वेलबुट्टीपेक्षा अक्षरावर अवलंबून असतं. जावजी दादाजींनी १८६९मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला आणि त्याचं नाव सुबक देवनागरी टाइपामुळे झालं. आज मुंबईच्याच ‘एक टाइप’ या गटाचे ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे फॉन्ट फुकट मिळतात. मात्र युनिकोडमधला मजकूर जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरमध्ये उघडला की वेलांट्या सरकतात, जोडाक्षरं तुटतात. म्हणून फॉन्टसह पीडीएफ द्यावी आणि छापील नमुना घरातल्या दोघांनी तरी वाचावा. पालिकेत विवाहनोंदणी करताना पत्रिकाही कागदपत्रांत मागतात, तेव्हा वधूवरांची नावं आणि तारीख चोख हवी. छोट्या आकारात नावं कमी करावी लागतात, आणि काका-मामांची नावं गाळली तर माणसं दुखावतात, हा आक्षेप खरा आहे. त्यासाठी आकार वाढवू नये, मागची बाजू वापरावी.

व्हॉट्सअॅप फुकट असताना छापायचंच कशाला, असंही विचारलं जातं. दूरच्या परिचितांना फोनवरची पत्रिका पुरेशी आहे. पण पहिली पत्रिका हळदकुंकू लावून देवापुढे ठेवायची असते, आणि वडीलधाऱ्यांना अक्षतांसह हातात द्यायची असते. तेवढ्यांसाठीच छापावी, संख्या आणखी उतरेल. राहिला साधेपणाला कंजूषपणा म्हणणाऱ्यांचा प्रश्न. लालबाग-परळच्या चाळींत आमंत्रणाचा मान घरचं माणूस जिना चढून दारात आलं, यात मानला जातो; जाड कागद त्याची जागा घेऊ शकत नाही. पत्रिका ही लग्नाच्या पहिल्या खर्चांपैकी एक. इथे घरं मोजून आकडा ठरवण्याची शिस्त लागली, तर हॉल, जेवण आणि मानपान यांचे मोठे आकडेही तसेच मोजून ठरवता येतात, आणि कर्ज टळतं ते तिथे.