दार उघडे, पण अंगण दुसऱ्याचे

साताऱ्याकडच्या एका शाळेत पस्तीस वर्षे भूगोल शिकवून निवृत्त झालेले एक मास्तर माझे स्नेही आहेत. ‘ध्रुवप्रदेशात सहा महिने दिवस व सहा महिने रात्र असते’ हे वाक्य त्यांनी मुलांच्या इतक्या पिढ्यांकडून घोकून घेतले, की फंडाचे पैसे हाती येताच ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहून यावे, असे त्यांच्या मनाने घेतले. बरोबर अर्थातच वहिनी. मध्यरात्रीचा सूर्य पाहायचा, मग काशी केली नाही तरी चालेल, असा एकूण बेत.

चौकशी करता स्वालबार्डचे नाव पुढे आले. नॉर्वेच्याही उत्तरेला, ७८ अंश अक्षांशावर लाँगयिअरब्येन हे तिथले मुख्य गाव. वस्ती सुमारे अडीच हजारांची. आणि गंमत म्हणजे तिथे जगातल्या कोणत्याही देशाच्या माणसाला व्हिसा लागत नाही! मास्तर हरखले. ज्या जगात शेजारच्या घरी जायला आधी फोन करावा लागतो, त्या जगात असा एक मुलूख शिल्लक असावा!

यात खोटे काही नाही. ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिसला एक तह झाला. त्यात स्वालबार्डवर नॉर्वेची सत्ता मान्य झाली, पण सह्या करणाऱ्या सर्व देशांच्या नागरिकांना तिथे सारख्या हक्काने जाता यावे, अशी अट पडली. ब्रिटिश अमलाखालचा हिंदुस्थान त्या तहात पहिल्यापासून सामील आहे. २००८ पासून तिथल्या न्यू-ओलेसुंड या वस्तीत भारताचे ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र चालते. नॉर्वेने पुढे आणखी उदार होऊन सह्या न केलेल्या देशांच्या माणसांनाही व्हिसा मागितला नाही. योगायोग असा, की त्याच वर्षी, त्याच पॅरिसमध्ये, ऑक्टोबरात राष्ट्रसंघाची परिषद भरली आणि पासपोर्टाची पुस्तिका सगळीकडे एका नमुन्याची असावी असे ठरले. फेब्रुवारीत एक दार उघडले आणि ऑक्टोबरात बाकीच्या दारांना कुलपे कशी असावीत त्याचा नमुना निघाला!

आता मेख पाहा. स्वालबार्डला नेहमीचे विमान जाते ते ओस्लो किंवा ट्रोम्सो येथून, म्हणजे नॉर्वेच्या मुख्य भूमीवरून. ती भूमी शेंगेन करारातली आणि स्वालबार्ड त्या कराराबाहेरचे. म्हणून भारतीयाला आधी शेंगेन व्हिसा हवा. तोही साधा नव्हे. ओस्लोत उतरलात की एक प्रवेश झाला. तिथून स्वालबार्डला निघालात की शेंगेनबाहेर गेल्याची नोंद होते. परत येताना ओस्लोत पुन्हा पाऊल टाकायचे, तो दुसरा प्रवेश. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर माणूस हिमअस्वलांच्या गावी पोचेल, पण घरी यायची वाट बंद!

मास्तरांच्या एजंटाने ‘एक प्रवेश पुष्कळ झाला’ असे छातीठोक सांगितले होते. अर्जात ‘एक, दोन की अनेक’ असा स्वच्छ प्रश्न असतो. त्याने एकावर खूण केली. दोघांचे प्रत्येकी ९० युरो भरले, तीस हजार युरोंचा प्रवासविमा उतरवला, तिकिटे काढली आणि व्हिसा चिकटवलेले पासपोर्ट घरी आले. मास्तरांनी त्यांची देवापुढे पूजा केली. नैवेद्य दाखवून झाल्यावर वहिनींनी चष्मा लावून पान वाचले आणि विचारले, “अहो, इथं हा ‘०१’ कशाचा?”

त्या एका प्रश्नाने दोघे वाचले. मात्र तिकिटांचे बरेचसे पैसे बुडाले आणि त्या वर्षीचा उन्हाळाही. नवा अर्ज म्हणजे पुन्हा शुल्क आणि नियमाप्रमाणे पंधरा दिवसांपासून पंचेचाळीस दिवसांपर्यंतची मुदत. सूर्य काही तेवढा थांबत नाही. एजंट म्हणाला, “स्वालबार्डला व्हिसा लागत नाही हे तर खरं ना?” याला काय म्हणावे!

आडवाटेच्या देशांची खरी अडचण ही अशी असते. ‘व्हिसामुक्त देश’ म्हणून ज्या याद्या मोठ्या हौसेने फिरवल्या जातात, त्या घराचे दार उघडे असल्याचे सांगतात. अंगण कोणाचे, हे सांगत नाहीत. पॅसिफिकमधले मायक्रोनेशिया घ्या. तीस दिवसांपर्यंतच्या भेटीला तिथे कोणालाच व्हिसा नको. पण नेहमीची विमाने होनोलुलू किंवा ग्वामहून, आणि दोन्हीकडे कायदा अमेरिकेचा. अमेरिकेत नुसते विमान बदलायचे असले तरी इमिग्रेशनपुढे उभे राहावेच लागते. व्हिसाविना तिथून पुढे जाण्याची जुनी सवलत ऑगस्ट २००३ मध्ये बंद झाली. म्हणजे फुकटच्या मायक्रोनेशियासाठी अमेरिकेच्या वकिलातीत मुलाखत! कॅरिबियन बेटांचेही बऱ्याच अंशी हेच. वाट मायामीची धरा की लंडनची, मधल्या मुक्कामाचा कागद आधी लागतो.

उलट तुवालू पाहा. नाव ऐकले की वाटते, इथे कोण कुठला पोचतो! परंतु तिथे उतरल्यावर व्हिसा मिळतो, विमान फिजीहून जाते आणि फिजीला भारतीय पर्यटकाला आधी व्हिसा काढावा लागत नाही. फिजीला जाताना सिंगापूरच्या विमानतळाबाहेर न पडता विमान बदलता येते. मात्र तिकीट सलग हवे. दोन वेगळी तिकिटे काढून चार पैसे वाचवाल, तर सामान घ्यायला बाहेर पडावे लागेल आणि बाहेर पडायला सिंगापूरचा व्हिसा लागेल. (तुवालूच्या फुनाफुती धावपट्टीवर संध्याकाळी मुले चेंडू खेळतात. विमान यायचे झाले की भोंगा होतो आणि खेळ थांबतो. मला तर व्हिसापेक्षा हीच व्यवस्था जास्त आवडली.)

भूतानची तऱ्हा निराळी. तिथे आपल्याला व्हिसा नाही, वाटेत परका देशही नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र दाखवून परवाना मिळतो. पण २०२२ पासून भारतीयांनाही माणशी, रोजचे बाराशे रुपये शुल्क आहे. आधारकार्ड घेऊन फुंत्शोलिंगच्या वेशीवर गेलेले लोक जयगावला परत येऊन चहा पितात.

तेव्हा बेत आखताना आधी नकाशा पसरावा, विमान जिथे जिथे टेकते तिथे बोट ठेवावे, आणि प्रत्येक बोटाखालच्या देशाचा नियम त्याच्याच वकिलातीकडून विचारावा. हे नियम पावसासारखे बदलतात. गेल्या वर्षी जाऊन आलेल्या शेजाऱ्याचा हवाला उपयोगाचा नाही.

मास्तर पुढल्या जूनमध्ये गेले. व्हिसावर ‘०२’ होते आणि वहिनींनी ते दोनदा वाचले होते. लाँगयिअरब्येनहून त्यांचे पत्र आले. रात्री बारा वाजता उन्हात बसून लिहिलेले. मजकूर थोडका होता : ‘येथे सूर्य एप्रिलच्या विसाव्या तारखेपासून ऑगस्टच्या तेविसाव्यापर्यंत मावळत नाही. म्हणजे महिने चारच. सहा महिने फक्त नेमक्या ध्रुवावर. पस्तीस वर्षांच्या विद्यार्थ्यांना आता हे कळवावे कसे?’