‘एसओएस’ म्हणजे वाचवा नव्हे

दिवा पूर्वेच्या एका मेडिकलसमोर परवा एक काकू डॉक्टरांची चिठ्ठी उलटसुलट करत उभ्या होत्या. तापाच्या गोळीपुढे ‘एसओएस’ लिहिलेलं. “एवढं सिरीयस आहे का रे?” काउंटरवरचा पोरगा म्हणाला, “नाही हो मावशी, लागली तरच घ्या.” पोराने लॅटिनचं अचूक भाषांतर केलं होतं आणि ते त्याच्या गावीही नव्हतं. ‘सी ओपुस सित’, म्हणजे गरज पडल्यास. बुडत्या जहाजाचा एसओएस वेगळा. मोर्सच्या तारेत तीन टिंबं, तीन रेघा, तीन टिंबं वाजवायला सोपी म्हणून तो ठरला. ‘सेव्ह अवर सोल्स’ लोकांनी मागाहून चिकटवलं.

तेव्हा लॅटिन मेली, तिचं इथे काय काम, हे म्हणणं अर्धंच खरं. घरी कोणी ती बोलत नाही, पण रोज हजारो चिठ्ठ्यांवर ती असते. बीडी म्हणजे ‘बिस इन दिए’, दिवसातून दोनदा. टीडीएस म्हणजे तीनदा (पगारातून कापला जातो तो निराळा). एचएस म्हणजे ‘होरा सोम्नी’, झोपायच्या वेळी.

आता हेच शब्द जरा कानाजवळ धरा. ‘दिए’ आणि आपला दिवस, ‘सोम्नुस’ आणि स्वप्न, ‘तेर’ आणि त्रि. इथे आपल्याकडचा लाडका समज उभा राहतो: संस्कृत ही लॅटिनची आई. तशी ती नाही. या दोघी बहिणी, आणि त्यांची आई आज कुठेही लिहिलेली सापडत नाही. भाषापंडित विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या भाषणात हेच मांडलं: संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच उगमातून आल्या असाव्यात आणि तो उगम बहुधा आता उरलेला नाही. इंग्रजी लॅटिनची मुलगी, हेही चूक. ती जर्मॅनिक कुळातली. लॅटिन शब्द तिच्याकडे बरेचसे फ्रेंचच्या हातून आले.

वनस्पतींची शास्त्रीय नावं म्हणजे शुद्ध लॅटिन, असंही वाटतं. मुंब्रा सोडून गाडी दिव्याकडे निघाली की खाडीच्या बाजूला तिवरं दिसतात. तिवराच्या वंशाचं नाव ‘अ‍ॅव्हिसेनिया’. हे बुखाराजवळ जन्मलेल्या वैद्य इब्न सीनाच्या नावाचं लॅटिन रूप. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली त्यातल्या एका जातीला ‘ऑफिसिनॅलिस’ म्हटलं, म्हणजे औषधांच्या कोठारातली. चहात ठेचून टाकतो ते आलं ‘झिंजिबर ऑफिसिनाले’. त्यातलं ‘झिंजिबर’ मुळात आपल्याकडचंच. पालीत ‘सिंगिवेर’, तिथून ग्रीकांमार्फत रोमला गेलं. म्हणजे आडनाव रोमन, माहेर इथलं. आणि १ जानेवारी २०१२ पासून नव्या वनस्पतीचं वर्णन लॅटिनमध्येच करायची सक्तीही उरलेली नाही. ते इंग्रजीत चालतं. नाव मात्र लॅटिन वळणाचंच लागतं.

सर्वांत जास्त खपतो तो दावा वेगळाच: लॅटिनने डोकं तल्लख होतं. दहावीला संस्कृत घेताना आपणही हेच ऐकतो, फक्त ‘स्कोअरिंग आहे’ची जोड देऊन. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२४ साली अमेरिकेतल्या हजारो शाळकरी मुलांच्या चाचण्या तपासल्या. लॅटिन घेणारी मुलं विचारशक्तीत इतरांपेक्षा खास पुढे गेली नव्हती. जर्मनीतल्या २००३ च्या एका अभ्यासात तर, स्पॅनिश शिकताना आधी लॅटिन शिकलेल्यांपेक्षा फ्रेंच शिकलेले सरस ठरले. त्यामुळे बुद्धीसाठी म्हणून कोणी लॅटिनचा क्लास विकत असेल, तर पैसे जपून. सतराव्या शतकात मलबारच्या वनस्पतींवर निघालेल्या ‘होर्तुस मलाबारिकुस’चे बारा लॅटिन खंड मुळातून वाचायचे असतील, तर मात्र व्याकरणाला पर्याय नाही. त्याच्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि आपू भट यांची कोकणी साक्ष नागरीत छापलेली आहे.

बाकीच्यांना पन्नासेक शब्द पुरेत. निदान कोर्टाच्या बातमीत ‘सुमोटो’ वाचून डोळ्यांपुढे टाटाची गाडी येणार नाही. मूळ शब्द ‘सुओ मोतू’, स्वतःहून.

खुद्द औषधांच्या बाबतीत मात्र माझं मत लॅटिनच्या विरोधात आहे. ‘क्यूडी’, म्हणजे रोज एकदा, हे घाईच्या अक्षरात ‘क्यूआयडी’, म्हणजे चारदा, असं वाचलं जातं. म्हणून अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ साली ते वापरू नये अशा खुणांच्या यादीत टाकलं. दिव्याच्या त्या पोराने यादी पाहिलेली नसणार. त्याने काकूंच्या पाकिटावर मार्करने लिहून दिलं: ताप आला तर १.