पहाडाचे बाळ, वणिकांचा कथाकार : झवेरचंद मेघाणी

वणिककुळात जन्मलेल्या मुलाने व्यवहार सांभाळावा, ही अपेक्षा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. गुजराती साहित्यातील थोर कादंबरीकार झवेरचंद मेघाणी यांच्यापुढेही ती वाट मोकळी होती. त्यांनी ती काही काळ चोखाळली आणि मग सोडली.

२८ ऑगस्ट १८९६ रोजी सौराष्ट्रातील चोटीला येथे जैन वणिक कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील कालिदास पोलीस खात्यात होते. बदली झाली की बिऱ्हाड हलत असे. त्यामुळे सौराष्ट्राचे डोंगर आणि नद्या यांच्याशी मेघाणींचे बालपणीच नाते जुळले. पुढे ते स्वतःला ‘पहाडाचे बाळ’ म्हणवीत.

पदवीनंतर कोलकात्यातील ॲल्युमिनियमच्या कारखान्यात त्यांना नोकरी लाभली. त्या निमित्ताने इंग्लंडचा प्रवासही घडला. परंतु कोलकात्याची खरी देणगी होती बंगाली भाषा. रवींद्रनाथांच्या कथाकाव्यांच्या आधारे त्यांनी ‘कुरबानीनी कथाओ’ लिहिले. १९२२ साली प्रसिद्ध झालेले हे त्यांचे पहिले पुस्तक. त्याआधीच, १९२१ मध्ये, स्थिर उत्पन्नाचा त्याग करून ते मायभूमीला परतले होते.

मग सुरू झाली गावोगावची भटकंती. चारण-बारोटांच्या मुखातील शौर्यकथा टिपून त्यांनी ‘सौराष्ट्रनी रसधार’चे पाच भाग सिद्ध केले. हा वारसा मौखिक होता. दुसरा वारसा लिखित होता. जैन मुनींनी रचलेले प्रबंधग्रंथ ज्ञानभांडारांनी शतकानुशतके जतन केले होते. त्या प्रबंधांतील वस्तुपाल आणि तेजपाल या मंत्रिबंधूंना नायक करून मेघाणींनी ‘गुजरातनो जय’ ही ऐतिहासिक कादंबरी लिहिली.

आबूच्या देलवाड्यातील लूणवसहीचे संगमरवरी शिल्प पाहून यात्रेकरू थक्क होतात. विक्रम संवत १२८७ मध्ये प्रतिष्ठा झालेले हे मंदिर दिवंगत बंधू लूणिगच्या स्मरणार्थ उभारलेले आहे, हे मात्र अनेकांच्या ध्यानी नसते. धोळक्याच्या वीरधवल राण्याचा कारभार वाहणारे हे बंधू युद्धातही उतरले. वस्तुपाल तर स्वतः संस्कृत कवी होता. तेजपालाची पत्नी अनुपमादेवी हिच्या सुज्ञपणाचे गुणगान प्रबंधकारांनी केले आहे. दगडात दिसणाऱ्या या वैभवामागची माणसे मेघाणींनी वाचकांपुढे जिवंत उभी केली.

९ मार्च १९४७ रोजी बोटाद येथे, वयाच्या अवघ्या पन्नाशीत, त्यांचे निधन झाले. नोकरीतील मिळकत त्यांनी सोडली. पण पूर्वजांची ठेव मात्र व्याजासह पुढील पिढ्यांच्या स्वाधीन केली.