अकरावीच्या फिजिक्सआधी कॅल्क्युलस किती हवं?

दहावीचा निकाल लागला की इंदूरच्या घराघरांत हा प्रश्न निघतो. परवा रामबागेतल्या एक ताई मुलीला घेऊन आल्या. "सर, भंवरकुव्याला हिचा क्लास लावलाय. पण कॅल्क्युलस आलं नाही तर फिजिक्स डोक्यावरून जातं म्हणतात. सुट्टीतच उरकून घ्यायचं का?"

त्यांची भीती उगाच नाही. एनसीईआरटीच्या अकरावीच्या फिजिक्समध्ये दुसऱ्याच धड्यात, सरळ रेषेतल्या गतीत, डिफरन्शिएशन येतं. गणिताच्या पुस्तकात मात्र लिमिट आणि डेरिव्हेटिव्हचा धडा बारावा आहे, आणि इंटिग्रेशन तर थेट बारावीत. फिजिक्सच्या सरांना जे जुलैत लागतं, त्याला गणिताचे सर हिवाळ्यात हात घालतात. मुलं अडखळतात ती या फटीत. बायोलॉजी घेऊन गणित सोडणाऱ्यांना तर पुढेही ते कुणी शिकवत नाही.

म्हणून मी मुलीला आलेखाचा कागद दिला आणि गच्चीवरून सोडलेल्या चेंडूचं उदाहरण घेतलं. हवेचा विरोध सोडला तर t सेकंदांत तो 4.9t² मीटर खाली येतो. बरोबर दुसऱ्या सेकंदाला त्याचा वेग किती? एका क्षणात अंतर शून्य, वेळही शून्य. भागाकार करायचा कशाचा? मग थोडा वेळ पुढे जाऊ दिला. 2 ते 2.1 सेकंद या काळात सरासरी वेग निघाला 20.09. 2 ते 2.01 मध्ये 19.649. 2 ते 2.001 मध्ये 19.6049. कॅल्क्युलेटर खाली ठेवून ती म्हणाली, "सर, हे 19.6 वर येऊन थांबतंय." डेरिव्हेटिव्ह म्हणजे हेच. आलेखावर दोन बिंदू जोडणारी रेषा, दुसरा बिंदू पहिल्याजवळ सरकवत नेला की स्पर्शरेषा होते. तिचा चढ म्हणजे त्या क्षणाचा वेग.

क्षणाचा वेग काढण्याची ही ओढ आपल्याकडे जुनी आहे. चंद्राची चाल दिवसभरात बदलते, त्यामुळे तिथी कधी संपते हे काढायला सरासरी गती पुरत नाही. म्हणून 1150 च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त भास्कराचार्यांनी तात्कालिक गतीचा विचार केला. गरज आधी आकाशातून आली, गणित तिच्या मागून.

मग त्याच चेंडूचा वेग-काळ आलेख काढला. शून्यापासून निघालेली सरळ रेषा दोन सेकंदांना 19.6 वर पोचते. तिच्याखालचा त्रिकोण: अर्धा गुणिले 2 गुणिले 19.6, म्हणजे 19.6 मीटर. चेंडू तेवढाच खाली आलेला असतो. रेषेखालचं क्षेत्रफळ म्हणजे इंटिग्रेशन. स्प्रिंग ताणताना बल kx ने वाढत जातं, तिथेही असाच त्रिकोण होतो आणि साठलेली ऊर्जा ½kx² येते. हे सूत्र पाठ करणाऱ्या कित्येक मुलांना त्यातला अर्धा कुठून आला हे सांगता येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

तर ताईंना मी सांगितलं ते असं. आधी पूर्ण कॅल्क्युलस नको. tⁿ, साइन आणि कोसाइन यांचे डेरिव्हेटिव्ह, tⁿ चं इंटिग्रेशन, आणि चढ व क्षेत्रफळाचा अर्थ, एवढ्यावर अकरावीचं बरंच फिजिक्स निभतं. रोज तासभर बसलं तर दोन आठवड्यांचं काम. अमेरिकेतही शाळकरी मुलांसाठीचा एपी फिजिक्स-1 बीजगणितावर चालतो; कॅल्क्युलस लागतं ते एपी फिजिक्स-सी ला. माझ्या अनुभवात मुलं जास्त अडतात ती वेगळ्याच ठिकाणी: समीकरणातून एक अक्षर बाजूला काढताना, उतारावरच्या ठोकळ्याच्या वजनाचे घटक पाडताना, आलेखाच्या अक्षावर काय मोजलंय हे न वाचता उत्तराकडे धावताना. सुट्टी त्यात घालवा.

मुलगी तो कागद घेऊन गेली. तिसऱ्या सेकंदाचा वेग घरी काढून आणणार आहे.