16 वर्षांतून एकदाच जवळ येणारा तारा

एका श्रोत्याचा प्रश्न आला होता: "एवढ्या मोठ्या दुर्बिणी आहेत, मग नुसतं झूम करायला काय होतं?"

मोबाइलवर झूम करून बघा. फोटो मोठा होतो, पण तपशील वाढत नाही. दुर्बिणीचंही तसंच. तिला किती बारीक दिसणार, हे तिच्या आरशाच्या रुंदीवर ठरतं.

चिलीमधल्या पारानाल डोंगरावर चार मोठ्या दुर्बिणी आहेत. प्रत्येकीचा आरसा 8.2 मीटरचा. सर्वांत दूरच्या दोघींमध्ये 130 मीटर अंतर. चौघींचा प्रकाश एकत्र आणला, तर बारकावा 130 मीटरच्या आरशाइतका मिळतो, म्हणजे सुमारे 16 पट! यालाच म्हणतात इंटरफेरोमेट्री.

आपल्या नारायणगावजवळच्या जीएमआरटीमध्ये 30 अँटेना हेच करतात, पण रेडिओ लहरींवर. तिथे सिग्नल नोंदवून संगणकात जुळवता येतो. इन्फ्रारेडमध्ये ती सोय नाही. प्रकाशाला प्रकाशाशी प्रत्यक्षच भेटवावं लागतं. ताऱ्याचा प्रकाश एका दुर्बिणीला आधी पोचतो, दुसरीला नंतर, आणि पृथ्वी फिरते तसा हा फरक बदलत राहतो. म्हणून जमिनीखालच्या बोगद्यात रुळांवरून आरसे सरकवत राहतात आणि दोघांचा प्रवास सारखा करतात. चूक चालते ती केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी. तसं जुळलं की उजेड-अंधाराचे पट्टे दिसतात, आणि त्या पट्ट्यांवरून ताऱ्याची जागा कळते.

मग हा सगळा खटाटोप कशासाठी? आकाशगंगेच्या केंद्रात सुमारे 40 लाख सूर्यांइतक्या वस्तुमानाचं कृष्णविवर आहे. मधल्या धुळीतून साधा प्रकाश येत नाही, इन्फ्रारेड येतो. एस2 नावाचा तारा दर 16 वर्षांनी त्या कृष्णविवराच्या अगदी जवळून जातो. पुढची वेळ होती मे 2018. ती हुकली असती, तर थेट 2034!

म्हणून 'ग्रॅव्हिटी' हे उपकरण वेळेत तयार असणं गरजेचं होतं. ते पारानालवर 2015 मध्ये पोचलं. मे 2018 मध्ये एस2 सेकंदाला सुमारे 7,650 किलोमीटर वेगाने, नेपच्यून सूर्यापासून आहे त्याच्या चौपट अंतरावरून गेला. ग्रॅव्हिटीने त्याची जागा मोजली, दुसऱ्या उपकरणाने वेग. आइन्स्टाइनच्या सिद्धांतानुसार प्रकाश लालसर बाजूला सरकायला हवा होता, आणि तसाच सरकला. 2020 मध्ये याच गटाने ताऱ्याची कक्षाही हळूहळू वळते आहे, हे दाखवलं. त्याच वर्षी गटाचे प्रमुख राइनहार्ड गेन्झेल यांना, आंद्रेआ गेझ आणि रॉजर पेनरोज यांच्यासोबत, नोबेल मिळालं.

मला यातलं सर्वांत आवडतं काय, सांगू? झूम करता येत नव्हतं, म्हणून त्यांनी आरसा मोठा केला नाही. चार आरसे एकमेकांशी जुळवून घेतले. चला, भेटू पुढच्या भागात.