'फाईल टाइप्स' नावाचा टॅब

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला आणि जुनी यंत्रं जिवापाड सांभाळणाऱ्या डीटीपीवाल्यांनाही विंडोज ११ची वाट धरावी लागली. तिथे कुठली फाईल कशात उघडायची हे सेटिंग्जमध्ये जाऊन ठरवता येतं. पण एखाद्या प्रकारच्या फायलींचा आयकॉन बदलायचा म्हणाल, तर त्याची सोयच नाही. एकेकाळी ती होती, हे नव्या मुलांना सांगूनही पटत नाही.

विंडोज ३.१बद्दल फार सांगण्यासारखं नाही. फाईल मॅनेजरमध्ये 'असोसिएट' करायचं, विन डॉट आयएनआयमध्ये एक ओळ वाढायची, संपलं. खरी मजा १९९५नंतर. विंडोज ९५च्या एक्स्प्लोररमध्ये 'व्ह्यू'खालच्या 'ऑप्शन्स'मध्ये 'फाईल टाइप्स' नावाचा टॅब होता. आयकॉन बदला, डबल क्लिकने काय व्हावं ते ठरवा, राइट क्लिकच्या मेनूत स्वतःची आज्ञा घाला; सगळं एकाच ठिकाणी.

आमच्या धंद्यात हे चोचले नव्हते. कोरल ड्रॉची आवृत्ती कुठलीही असो, फाईल सीडीआरच. नवी आवृत्ती टाकली की जुन्या फायलीही तिच्यात उघडणार. सवयीने सेव्ह केलं की छापखान्यातलं जुनं कोरल त्यांना दारात उभं करायचं नाही. मग त्या टॅबमध्ये जाऊन डबल क्लिक जुन्या कोरलला जोडायचं आणि नव्यासाठी राइट क्लिकमध्ये वेगळी आज्ञा ठेवायची. पेजमेकरवाले सुखी: सहाची पीएम६, साडेसहाची पी६५, आवृत्ती शेपटीवरूनच कळायची. आयकॉन हवे तर शेल३२ डॉट डीएलएलमध्ये ढीगभर होते. त्यातलं हिरवं झाड कुणी कशासाठी काढलं होतं कोण जाणे, आम्ही ते सीडीआरला लावून टाकलं.

त्याच दशकात एमपी३वरून हाणामारी चालायची. नवा प्लेअर टाकला की तो सगळ्या गाण्यांवर हक्क सांगायचा, जुना उघडला की तो ते परत ओढायचा. मे २०००मध्ये 'आय लव्ह यू' व्हायरस आला. त्याच्या फाईलच्या नावात आधी टीएक्सटी आणि शेवटी व्हीबीएस होतं. विंडोज एक्स्टेन्शन लपवत असल्यामुळे शेवटचं दिसत नव्हतं, आणि लोक साधं पत्र समजून ते उघडत होते. जाणत्यांनी व्हीबीएस नोटपॅडला जोडून टाकलं. मग डबल क्लिक केलं तरी विषाणूचा नुसता मजकूर दिसायचा. हा उपायही त्याच टॅबमधला.

२००७ला व्हिस्टा आली आणि टॅब गेला. बदल्यात 'डिफॉल्ट प्रोग्रॅम्स' मिळालं: कशात उघडायचं एवढंच सांगा, बाकीचं विचारू नका. २०१२च्या विंडोज ८पासून तुमच्या निवडीवर एक हॅश बसतो, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमला ती परस्पर बदलता येऊ नये. त्या प्लेअरांची दांडगाई आठवली की हे कारण रास्तच वाटतं. पण आयकॉन आणि आज्ञांनी कुणाचं काय बिघडवलं होतं? त्यांच्यासाठी आज रजिस्ट्रीत हात घालावा लागतो, नाहीतर कुणा तिऱ्हाइताची युटिलिटी शोधावी लागते. ही सुरक्षा नव्हे, हा आळस आहे.

एक्स्टेन्शन लपवायची खोड मात्र विंडोज ११मध्येही कायम आहे. एक्स्प्लोररमध्ये 'व्ह्यू', मग 'शो', आणि तिथे 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स'वर टिक करा. आजच करा.